मागच्या दारानं आलेली वीज

आमच्या घरातली लाइट जाते तेव्हा मी आणि नवरा घरात कधीच नसतो. हा योगायोग नाही. लाइट गेली की आम्हाला बोलावणं येतं, नाहीतर ती आम्हीच घालवलेली असते. मी सबस्टेशनात ऑपरेटर, तो लाइनमन. मी लाइन बंद करते, तो खांबावर चढतो, काम झालं की तो खाली उतरून फोन करतो आणि मी लाइन चालू करते. संसाराचंही साधारण असंच आहे, फक्त तिथे चालू-बंद कोण करतं यावर आमचं एकमत नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण लोक आता तोंडावर विचारतात, "तुम्ही दोघं वीजवाले, आणि घरात काय चाललंय ते तुम्हालाच कळलं नाही?" अहो, कसं कळणार? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

वादळ येऊन गेलं होतं. खांब आडवे झाले होते, झाडं तारांवर रेलली होती आणि आम्ही सगळे उभ्या उभ्या झोपत होतो. मी घरी यायची तेव्हा नवरा बाहेर पडलेला असायचा, तो यायचा तेव्हा मी. ओट्यावर एकमेकांचे उष्टे कप दिसायचे, त्यावरून जोडीदार जिवंत आहे एवढं कळायचं. अंग इतकं आंबलं होतं की रागसुद्धा नीट येत नव्हता, आणि मला ओळखणारे सांगतील, राग न येणं हे माझ्या बाबतीत दुखण्याचं लक्षण आहे.

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, खाली माझे आई-बाबा. म्हणजे नवरा घरजावई. हे तोच सगळ्यांना आधी सांगून मोकळा होतो, म्हणजे दुसऱ्याला टोमणा मारायला जागाच उरत नाही. बाबा आमच्याच खात्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले. अख्खी वस्ती त्यांना फोरमन म्हणते, नवराही फोरमनच म्हणतो, कारण त्यांच्याच हाताखाली तो खांबावर चढायला शिकला. शिकवताना बाबांनी इतक्या शिव्या घातल्या की शेवटी भरपाई म्हणून मुलगी द्यावी लागली, असं त्याचं म्हणणं.

आणि आई. आईच्या डोक्यातून गेली काही वर्षं एकेक गोष्ट निघून चाललीय. आधी किल्ल्या कुठे ठेवल्या ते गेलं, मग नावं गेली, मग माणसं. मला ती कधी मावशी म्हणते, कधी "अहो बाई". बरं वाटत नाही, पण सवय होते. एकच गोष्ट तिच्यातून जात नाही. लाइट गेली की ती उठते, चपला घालते आणि फाटकाशी जाऊन उभी राहते. जन्मभर तिनं तेच केलं ना! लाइट गेली म्हणजे नवरा खांबावर गेला. तो परत येईपर्यंत ही फाटकाचा गज धरून उभी. बाबा आले की आधी पाणी नाही, चहा नाही. "हात दाखवा." बाबा दोन्ही तळहात पुढे करायचे. ती उलटेपालटे करून बघायची, कुठे भाजलंबिजलं नाही ना. मग "बरं" म्हणायची आणि आत जायची. बाबांनी नोकरी संपेपर्यंत तिच्यापुढे कोरे हात आणले. निरोपसमारंभात मिळालेली ढाल कुठे पडलीय ते त्यांना माहीत नाही, पण हे मात्र ते कुणालाही ऐकवतात.

आता बाबा दिवसभर तिच्या शेजारच्या खुर्चीतच असतात. तरी लाइट गेली की ती त्यांना ओलांडून फाटकाशी जाते, त्यांचीच वाट बघायला. एकदा तर फाटक उघडून थेट मोठ्या रस्त्यापर्यंत पोचली होती. ट्रकचे हॉर्न वाजत होते आणि ही मधोमध उभी. भाजीवालीनं ओळखलं म्हणून हाताला धरून घरी आणली. त्या दिवशी बाबा किती तरी वेळ नुसते भिंतीकडे बघत बसले होते.

मग त्यांनी एक युक्ती काढली. लाइट गेली की आपण मागच्या दारानं बाहेर पडायचं, घराला वळसा घालायचा आणि पुढच्या फाटकातून आत यायचं. "आलो गं." "हात दाखवा." "हे बघ." "बरं." की आई शांत, आत जाऊन पडायची. युक्ती नामी होती, पण बाबांचे गुडघे नामी नाहीत. मागच्या तीन पायऱ्या उतरताना ते भिंतीला धरून उतरतात. पायऱ्या उतरून, वळसा घालून फाटकाशी येईपर्यंत आईनं कडी काढलेली असायची.

म्हणून छपरावर सोलर बसवायचं ठरलं तेव्हा बाबांना कोण आनंद! आता घरातली लाइट जाणारच नाही, असं त्यांनी गृहीत धरलं. पाट्या बसल्या, आणि पहिल्यांदा लाइट गेली तेव्हा छपरावर रणरणतं ऊन आणि खाली पंखा बंद. बाबांनी बसवणाऱ्याला फाडून खाल्लं. तो बिचारा समजावत होता, "फोरमन, लाइन गेली की सोलरनंही बंदच व्हायला हवं. नाहीतर तुमच्या छपरावरची वीज उलटी तारेत शिरेल आणि खांबावरचा माणूस जाईल."

"मला शिकवतोस? तुझ्या जन्माच्या आधीपासून खांबावर चढतोय मी."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय."

बाबा गप्प बसले. मला वाटलं पटलं. बाबा गप्प बसले म्हणजे पटलं असं समजायचं नसतं, हे मला खरं तर लहानपणापासून माहीत आहे.

उलट्या विजेवर त्यांचा विश्वास कधी नव्हताच. त्यांच्या काळी वीज एका बाजूनं यायची. लांब कुठे तरी कोळसा जळायचा, मोठ्या तारांवरून वीज आमच्या सबस्टेशनात यायची आणि तिथून घराघरांत. आता तसं राहिलेलं नाही. टेकडीवर पवनचक्क्या आहेत, माळावर सोलरच्या रांगा आहेत, आणि निम्म्या छपरांवर पाट्या. रात्री वारा असला की टेकडी आम्हाला पोसते. दुपारी कडक ऊन पडलं की माझ्या समोरच्या बोर्डावर वस्तीच्या फीडरचा, म्हणजे वस्तीकडे जाणाऱ्या मुख्य लाइनचा, आकडा खाली खाली येतो, शून्य होतो आणि उणे दाखवायला लागतो. म्हणजे घरंच आमच्याकडे वीज पाठवतात आणि आम्ही ती कारखान्यांकडे ढकलतो. ढग आला की सगळं पुन्हा फिरतं, आणि संध्याकाळी ऊन गेल्यावर सगळी वस्ती एकदम दिवे लावते तेव्हा आमची जी पळापळ होते ती विचारू नका. पूर्वीचे ऑपरेटर ड्युटीवर शब्दकोडी सोडवायचे म्हणे. मला दुपारी शिंकायला सवड नसते. धूर नाही, राख नाही, हे सगळं खरंच चांगलं आहे, माझी तक्रार नाही. फक्त माणसं तेवढीच राहिली आणि वाटा वाढल्या.

मी हे बाबांना एकदा बोर्डासमोर उभं करून दाखवलं. ते हसले. "काटा बिघडलाय तुमचा. नदी कधी उलटी वाहते काय?"

या एका वाक्यावर बाबांची सगळी पिढी काम करून गेली. तार दुरुस्त करण्याआधी ती बंद करतात, आणि मग जमिनीला जोडून ठेवतात. त्याला अर्थिंग म्हणतात. चुकून वीज आलीच तर ती माणसातून न जाता जमिनीत जावी म्हणून. नियम असा की जिथे काम चाललंय त्याच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचं. बाबा आणि त्यांची माणसं एकाच बाजूला करायची, सबस्टेशनच्या. "वीज येणार ती तिकडून. गिऱ्हाइकाच्या घरातून कुठे वीज येते?" नवरा त्यांच्या हाताखाली शिकला तो असाच. नंतर त्यानं सवय बदलली, दोन्ही बाजूंना करायला लागला, त्यावरून बाबा त्याला "दोन दोऱ्यांचा पायजमा" म्हणायचे.

तर, वादळानं निम्मं मोडून ठेवलेलं एक झाड त्या दिवशी सकाळी, आम्ही दोघं ड्युटीवर गेल्यावर, आमच्याच गल्लीच्या तारेवर आडवं झालं. तार तुटली. आमचं घर गल्लीत अगदी शेवटी आहे. तुटलेल्या तारेच्या अलीकडे सगळी गल्ली, पलीकडे एकटं आमचं घर. नवऱ्यानं फोन केला, मी लाइन बंद केली आणि परमिट दिलं. परमिट म्हणजे माझा शब्द. लाइन बंद आहे, मी ती तुझ्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून चालू करणार नाही, तू निर्धास्त चढ.

"अर्थिंग केलंस?" मी विचारलं.

"एकाच बाजूला. दुसरा सेट त्या पुलापलीकडच्या टोळीनं नेलाय. यायला दुपार होईल."

"मग थांब की दुपारपर्यंत."

"थांबतो आणि तिकडे तुझी आई फाटकाशी उभी राहते. पलीकडे आपलंच घर आहे, कुठे वीजनिर्मिती केंद्र आहे? फोरमनच्या पद्धतीनं करतो. आज मीही म्हातारा झालोय."

आवाज इतका थकलेला होता की मी वाद घातला नाही. आणि तो म्हणत होता ते मला खरंच वाटलं. पलीकडे आपलंच तर घर.

आई फाटकाशी गेली असेल म्हणून मी बाबांना फोन लावला.

"आई कुठे आहे?"

"पडलीय खोलीत. डोळा लागलाय."

"फाटकाशी नाही गेली?"

"नाही गं. शांत आहे. तू तुझं काम कर."

किती बरं वाटलं म्हणून सांगू! एक काळजी तरी कमी. मी खुर्चीत मागे रेलले, डोळे मिटले आणि फोन ठेवणार, तेवढ्यात तो आवाज ऐकला. टक्, टक्, टक्. आईच्या खोलीतल्या पंख्याचं एक पातं वाकलंय. दर फेरीला ते टक् करतं. नवरा वर्षभर "उद्या बघतो" म्हणतोय, आणि तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन.

"बाबा, पंखा कसा चालू आहे?"

तिकडून खुर्ची करकरली.

"बाबा, मी विचारतेय, लाइन मी बंद केलीय. पंखा कसा चालू आहे?"

"बॅटरीवर आहे," बाबा हळू आवाजात म्हणाले. "इन्व्हर्टरची पेटी बसवलीय. सोलर बॅटरी भरतं, बॅटरी घर चालवते. तुला सांगणार होतो."

"कधी? माझ्या निवृत्तीनंतर?"

"ओरडू नकोस, ती उठेल. मी मूर्ख आहे का? मध्ये ऑटोमॅटिक स्विच टाकलाय. लाइन गेली की तो आपलं घर लाइनपासून आपोआप तोडतो आणि मग बॅटरी जोडतो. पापणी लवते न लवते तोच. तिला कळतसुद्धा नाही."

"स्विच आणलात कुठून?"

"घरातच होता. जुन्या भंगारातला. चांगला आहे."

"त्यानं लाइन तोडलीय का बघून या. आत्ताच्या आत्ता, बाबा."

त्यांच्या चपलांचा आवाज लांब गेला. पंखा टक्, टक् करत राहिला. मग चपला परत आल्या, पण आवाज बाबांचा वाटेना.

"पोरी, तो चिकटलाय. पावसाचं पाणी गेलं असणार. घर लाइनपासून सुटलेलंच नाही." आणि लगेच, "जावई कुठल्या खांबावर आहे?"

"आपल्या गल्लीत. शेवटून दुसऱ्या."

"अर्थिंग दोन्ही बाजूंना केलंय ना?"

"एकाच," मी म्हणाले. "तुमच्या पद्धतीनं."

एरवी अशी पेटी सगळ्या गल्लीचा भार ओढता ओढता धापा टाकून बंद पडली असती. पण तार तुटलेली, गल्ली वेगळी पडलेली. पेटीला सांभाळायला एकटं आमचं घर होतं आणि तुटलेल्या तारेचं ते लोंबणारं टोक. आणि त्या टोकाला माझा नवरा हात घालणार होता.

"मेन पाडा, बाबा!"

"मेन पाडून उपयोग नाही. जोड मेनच्या पलीकडे, रस्त्याच्या बाजूला दिलाय मी. थांब." त्यांनी फोन कुठे तरी ठेवून दिला.

मी दुसऱ्या फोनवरून गाडीच्या ड्रायव्हरला लावला. खांबावर चढताना नवरा आपला फोन गाडीत ठेवतो, म्हणजे आता सगळं या ड्रायव्हरवर. त्याला आम्ही डुलकी म्हणतो, यावरून काय ते समजा. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिली. ऊठ रे मेल्या, ऊठ! मी खुर्चीवरून उभी राहिले होते, जशी काही उभं राहून काही होणार होतं. माझ्यासमोरच्या बोर्डावर अख्ख्या शहराचे स्विच होते, आणि मला हवा होता तो एक स्विच त्यात नव्हता. माझा शब्द घेऊन माणूस वर चढला होता, आणि वीज आली होती माझ्या माहेरच्या घरातून.

पहिल्या फोनमधून फट् असा आवाज आला. मग कुणी तरी दात दाबून कण्हल्यासारखं. मग पंखा. टक्... टक्... टक्. आणि थांबला.

इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मग आईचा झोपाळू आवाज, "गेली का हो लाइट?" आणि तिच्या चपला, दाराकडे.

मी रडत होते हे मला डुलकीचा फोन आला तेव्हा कळलं.

"काय ताई, किती फोन! दोर दोन्ही हातांनी धरला होता मी, उचलणार कसा?"

नेमका त्याच दिवशी तो जागा होता.

"तो कुठे आहे?"

"वर."

"बरा आहे?"

"मला शिव्या घालतोय, म्हणजे बराच असणार. तार ओढून घेताना ती खांबाला ताण देणाऱ्या तारेला घासली आणि एक ठिणगी उडाली. दोर नीट धर म्हणून माझ्यावर ओरडला. मग काही नाही झालं. आता हातमोजे काढून जोड मारणारच आहे."

"त्याला म्हणावं हात मागे घे आणि खाली उतर. मी सांगितल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. बायको म्हणून नाही, सबस्टेशन म्हणून सांगतेय!"

सबस्टेशन म्हणून सांगितलं की तो ऐकतो. सगळं मी त्याला त्याच्याच फोनवर सांगितलं. त्यानं ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "घरी येऊन ती पेटी स्वतः तोडल्याशिवाय मी लाइन चालू करू देणार नाही."

"मीही निघते."

पुढच्या शिफ्टची बाई देवासारखी लवकर आली. तिला परमिट समजावलं आणि निघाले. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. तुम्ही नियम मोडलात, तुम्ही खोटं बोललात, तुमच्या त्या एका बाजूच्या अर्थिंगनं आणि तुमच्या त्या पेटीनं मिळून माझा माणूस मारला असता. एकेक वाक्य असं धारदार की बाबांनी जन्मभर लक्षात ठेवावं. थकवा कुठे गेला होता कोण जाणे. राग परत आला होता, आणि खरं सांगते, बरं वाटत होतं.

गल्लीत शिरले तर आई फाटकाशी. गज धरून, मान उंच करून, रस्त्याकडे बघत. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो बाई, इकडे कुठे लाइनची माणसं दिसली का?"

मी काही बोलायच्या आत घराच्या कोपऱ्यावरून बाबा आले. भिंतीला धरत, एक पाय ओढत. उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला. कुंपणाच्या बाजूच्या दारानं रस्त्यावर आले, माझ्याकडे न बघता फाटकाशी गेले.

"आलो गं."

"हात दाखवा."

त्यांनी डावा पुढे केला. तिनं बघितला. "दुसरा."

"दुसरा ठीक आहे."

"दुसरा दाखवा."

टॉवेल सुटला. तळहातभर कातडी पांढरी पडून फुगली होती, मधोमध काळा पट्टा. पेटी बंद करायला वेळ नव्हता म्हणून बॅटरीची तार त्यांनी हातानं उपटली होती. आईनं तो हात ओढून जवळ घेतला. मग ती ओरडली, "भाजलात! मी रोज सांगते! मी रोज सांगते तुम्हाला!" बाबांनी डाव्या हातानं तिला धरून आत नेलं, खाटेवर बसवलं, पाठीवरून हात फिरवला. ती जरा निवली. डोळे इकडेतिकडे फिरले. बंद पंख्याकडे बघितलं, आणि उठून चपला शोधायला लागली. "लाइट गेलीय. हे अजून आले नाहीत."

बाबा मागच्या दाराकडे निघाले. मी आडवी गेले.

"बाबा, तुम्ही त्याला मारलं असतंत."

"हो," बाबा म्हणाले.

एवढंच. माझी सगळी वाक्यं तिथेच संपली.

"किती वेळा घातलात वळसा?"

"कोण मोजतंय? पूर्वी एका फेरीत शांत व्हायची, हात कोरे असायचे. आता हात बघते आणि पुन्हा घाबरते. मी आलो ते विसरते, घाबरणं विसरत नाही." ते दाराच्या चौकटीला टेकले. "तू बोल मला काय बोलायचं ते. बोलायलाच हवंस. पण आधी ही फेरी होऊ दे, ती कडी काढेल."

"दवाखान्यात जायला हवं. हात बघा तुमचा."

"आणि हिला फाटकात सोडून?"

मी म्हणाले, मी थांबते तिच्यापाशी. मी फाटकाशी जाऊन तिचा हात धरला, माझे तळहात तिच्यापुढे केले, "हे बघ आई, बरे आहेत." तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू परकी बाई अंगचटीला आलीय. "तुमचे हात बघून मी काय करू?" म्हणाली. खरंच होतं ते.

तेवढ्यात गाडी आली आणि नवरा उतरला. कमरेला बेल्ट, डोक्यावर हेल्मेट, गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे लाल. घराच्या कोपऱ्यावर बाबा होते, वळसा घेऊन येता येता थबकलेले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नवऱ्याचा जबडा आवळलेला मला दिसला. तोही रस्ताभर वाक्यं जुळवत आला होता, माझ्यापेक्षा धारदार.

"फोरमन," तो म्हणाला, "पेटी कुठे आहे?"

बाबा उत्तर देणार, इतक्यात आईनं फाटक उघडलं आणि त्याची बाही धरली.

"आलात?"

तो थांबला. आई त्याच्या बेल्टकडे, चिखलाकडे बघत होती, चेहऱ्याकडे नाही. "किती उशीर! हात दाखवा."

नवऱ्याला हे सगळं पाठ आहे. पोरसवदा असताना बाबांच्या मागे उभं राहून त्यानं हे कितीदा बघितलंय. त्यानं बाबांकडे बघितलं. बाबांनी भाजलेला हात पाठीमागे नेला आणि मान हलवली. दाखव.

नवऱ्यानं हातमोजे काढले आणि दोन्ही तळहात पुढे केले. आईनं ते धरले. सावकाश उलटेपालटे केले. ग्रीस, ओरखडे, जुने घट्टे. कुठे भाजलेलं नाही. तिनं अंगठ्यानं मधोमध चोळून बघितलं, डाग आहे की काय म्हणून. डागच होता, निघाला.

"बरं," ती म्हणाली. "या आत. दमला असाल."

आणि स्वतः आत जाऊन खाटेवर पडली, फाटकाकडे एकदाही न बघता. बाबा कोपऱ्यावर तसेच उभे होते. इतकी वर्षं तिचा तो "बरं" त्यांचा होता, आणि तो दुसऱ्याला मिळताना ते बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता, एक भिंतीला, एक पाठीमागे. मला त्यांचा राग आला होता तो होताच, पण मी तिथेच पायरीवर बसले.

नवरा त्यांच्यापाशी गेला. मला वाटलं आता सुटतोय हा. तो म्हणाला, "हात दाखवा, फोरमन."

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

"हात दाखवा."

बाबांनी उजवा हात पुढे केला. नवऱ्यानं मनगट खालून धरून तो वळवून बघितला, किती तरी वेळ. "बरं" काही तो म्हणाला नाही. "आधी पेटी," म्हणाला. "मग दवाखाना. शिव्या सगळ्यात शेवटी. आणि शिव्या मी पोटभर घालणार आहे."

"घाल," बाबा म्हणाले. "मीच शिकवल्यात तुला."

पेटी नवऱ्यानं तोडली, तारा गुंडाळून गाडीत टाकल्या. बाबा गाडीत पुढे बसले, डुलकीच्या शेजारी. दुसरा अर्थिंगचा सेट आला की मगच पुन्हा वर चढणार, असं नवऱ्यानं मला न विचारताच सांगितलं. म्हणजे लाइट यायला संध्याकाळ होणार होती.

मी आईच्या खाटेवर बसून पुठ्ठ्यानं तिला वारा घालत राहिले. हात दुखून आला तर दुसऱ्या हातानं. अधूनमधून माझाच डोळा लागत होता. एकदा दचकून बघितलं तर आई जागी, बंद पंख्याकडे बघत पडलेली. मी मनातून चरकले, आता उठणार, चपला शोधणार.

"हे आले का?" तिनं विचारलं.

"आले, आई."

"हात बघितलेस?"

"बघितले. दोघांचेही."

"बरं," म्हणाली, आणि कूस वळवून झोपली.